अळीला सातबारा ठाऊक नसतो!

वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर परळ-लालबागच्या गिरण्या फिरल्या आणि चाळींतल्या चुली पेटल्या. गिरण्यांचे भोंगे थांबले. कापूस पिकवणाऱ्याचे ऋण मात्र फिटलेले नाही. म्हणूनच त्याच्या मरणाचा जाब परळने विचारला पाहिजे!

2017 चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसे विषबाधेने कोसळली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोचले. आणि एवढे विष ओतूनही त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरलीच! माणसे मेली, अळी जगली. याला पीकसंरक्षण म्हणायचे?

ही अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. मरतात ते ढालकिडे आणि क्रायसोपा, शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार. ते संपले की पांढरी माशी माजते, आणि दुकानदार आणखी जहाल बाटली पुढे करतो. 2002 मध्ये बोंडअळीला रोखणारे बीटी बियाणे आले, 2006 मध्ये दोन जनुकांचे आले; अळीने तेही पचवले. बाटली आणि बियाणे, दोन्हींचा भरवसा उडाला. उरले काय? शेजारी!

अळीला सातबारा ठाऊक नसतो. पतंग बांध ओलांडून उडतो. एकाने पऱ्हाट्या उपटल्या आणि शेजाऱ्याने दोन पैशांच्या लोभाने फरदड, म्हणजे हंगाम उलटूनही उभी कपाशी, ठेवली, तर त्या फरदडीत वाढलेली अळी साऱ्या शिवाराचा पुढचा हंगाम खाते. हा धडा परळला नवा नाही. प्लेगच्या काळात उंदराच्या पिसवांमधून रोग कसा पसरतो, याचे संशोधन इथल्याच प्रयोगशाळेत झाले. तीच आजची हाफकिन संस्था. एका खोलीचे दार लावून प्लेग अडत नव्हता. एका बांधाआड बसून बोंडअळीही अडणार नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. नांदेड जिल्ह्यातील आष्टा गावात 1998 च्या सुमारास राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला नव्हे, गावालाच हाताशी धरले आणि कोरडवाहू कपाशीवरच्या फवारण्या कमी करून दाखवल्या. इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांना मज्जाव केला, 1989 पासून शेतीशाळा भरवल्या आणि शेतकऱ्यालाच मित्रकीड-शत्रूकीड ओळखायला शिकवले.

आपल्या राज्यात 2009 पासून क्रॉपसॅप या सरकारी योजनेतून कीड-सर्वेक्षण होते. पण त्यातून मोबाइलवर आलेला सल्ला एकट्याच्या हातात पडतो आणि तिथेच मरतो! सल्ल्याचा धनी गाव झाला पाहिजे. नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे ग्रामपंचायतीने एकत्र खरेदी करावेत. हेक्टरी पाच लावून रोजची मोजदाद चावडीवर लिहावी. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडेपर्यंत जहाल औषधाला हात लावू नये. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुले, साऱ्यांनी एकाच आठवड्यात वेचाव्यात, निंबोळी अर्क गावातच काढावा, डिसेंबरअखेर सारे शिवार कपाशीमुक्त व्हावे. जिनिंगच्या आवारातही सापळे लागलेच पाहिजेत; तिथल्या सरकीतूनही पतंग बाहेर पडतात.

सरकारने फवारणीच्या अनुदानाऐवजी या एकजुटीला पैसा द्यावा. संरक्षक साहित्याशिवाय मजुराला रानात पाठवणाऱ्याला आणि भलत्या पिकासाठी भलते औषध विकणाऱ्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याचा बडगा दाखवावा.

आणि शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. बांधाच्या कोरभर जमिनीसाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो आणि अळी दोघांचीही बोंडे फोडते. यंदा पऱ्हाटी उपटायला एकाच दिवशी निघा. पाठीवरचा पंप उतरवा, शेजाऱ्याचा हात धरा!