चित्रफीत दाखवा, पण करूनही घ्या

मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यातून घरी निघतो तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी, इन्शुलिनची बाटली आणि फाईल असते. औषध कसे घ्यायचे, काय खायचे, हे मात्र निघण्याच्या गडबडीत पाच मिनिटांत सांगितले जाते. बिल भरायचे असते, रिक्षा दारात उभी असते. त्यातले लक्षात किती राहणार?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढ्यांना समोर बसवून शिकवायला परिचारिका आणि आहारतज्ज्ञ पुरणार कसे? केंद्र सरकारने २०१६ साली मोबाइल संदेशांतून मधुमेहाची माहिती देण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. वॉर्डात टॅब्लेटवर मराठी चित्रफिती दाखवणे ही त्यापुढची पायरी. मी तिचे स्वागत करतो. चित्रफीत लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींनाही समजते आणि कितीदाही लावता येते.

पण नुसते पाहून हात शिकत नाही. आपल्याकडे इन्शुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही शक्तींचे मिळते. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले, तर अडीचपट इन्शुलिन शरीरात जाते. मग साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय कापतात. वेळीच साखर दिली नाही तर शुद्ध हरपते, प्रसंगी जिवावर बेतते.

म्हणून माझा आग्रह आहे, की रुग्ण जरा सावरला की लगेच चित्रफीत थोडी थोडी दाखवावी. घरी स्वयंपाक करणाऱ्यालाही शेजारी बसवावे. त्यात आपली भाकरी, भात, पिठले दिसावे. मोबाइल बहुधा मुलाचा असतो आणि मुलगा नोकरीच्या गावी. तेव्हा एक छापील कागदही द्यावा. शेवटी सिस्टरांनी “समजलं का?” असे विचारू नये, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. “करून दाखवा” म्हणावे.

वाचकहो, घरचे कोणी दाखल असेल आणि इन्शुलिन सुरू झाले असेल, तर निघण्यापूर्वी सिस्टरांसमोर एकदा स्वतः सिरिंज भरून दाखवा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला, की मगच रिक्षा बोलवा.