औदुंबराचें व्रत आणि आमचें हंसणें

परवां सुट्टीच्या निमित्तानें धाराशिवास आमच्या घरीं भाऊ, वहिनी व मुलेंबाळें एकत्र जमलीं होतीं. सकाळीं तुळजापुरास देवीचें दर्शन झालें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर कोणीतरी ‘ब्रह्मचारी’ हा जुना बोलपट लावला. हा बोलपट १९३८ सालचा. त्या वेळीं आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. आजोबांनीं सोलापुरास जाऊन तो पाहिला, आणि घरच्या बायकामंडळींना केवळ कथानक सांगितलें. नायिका पोहण्याच्या पोशाखांत गाते, तेवढा भाग त्यांनीं गाळला, असें आजी म्हणत असे. तिला तो कळला कसा, हें मात्र तिनें कधीं सांगितलें नाहीं.

कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या या बोलपटाची कथा आचार्य अत्रे यांची. दिग्दर्शन मास्टर विनायक यांचें, आणि नायक औदुंबरही तेच. ब्रह्मचर्यावरील एक जोरदार व्याख्यान ऐकून हा साधासुधा तरुण भारावतो, नटींच्या तसबिरी फेकून देतो, व्यायामास लागतो आणि आचार्य चंडिरामाच्या संस्थेंत दाखल होतो. मग मीनाक्षीबाईंची किशोरी येते, आणि व्रताची जी त्रेधा उडते ती पाहतांना हंसून पुरेवाट होते.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ निघाला. तेथें व्रताच्या जागीं एका शास्त्रज्ञाचा डायनोसॉरचा सांगाडा आहे, आणि किशोरीच्या जागीं बिबट्या घेऊन हिंडणारी श्रीमंत घरची मुलगी. दोहोंकडे पुरुष आपलें आयुष्य मोठ्या गांभीर्यानें आंखतो, आणि मुलगी त्या रेघा पुसून टाकते. अत्र्यांनीं थट्टा केली ती ऐकीव व्रताची. औदुंबरानें स्वतःच्या मनास कांहींच विचारलें नव्हतें. दुसऱ्याचें व्याख्यान तो आपला निश्चय समजला.

आमच्या पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं असेंच आजन्म अविवाहित राहण्याचें जाहीर केलें होतें. त्याची पुन्हां थट्टा झाली, तोही हंसला. इतक्यांत त्याची धाकटी बहीण म्हणाली, “काका, दादानें लग्न नको म्हटलें तेव्हां सगळे हंसले. मीं म्हटलें तेव्हां आईनें दोन दिवस अन्न टाकलें, आणि तुम्ही माझ्याशीं बोललां नाहीं. असें कां?”

बोलपट अजून संपला नव्हता. पण पुढें कोणी हंसेना.

खरें सांगावयाचें तर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मुलाचें ‘नको’ ही लहर, आज ना उद्यां उतरेल, असें आपण धरून चालतों. मुलीचें ‘नको’ हा मात्र घरावरचा कलंक! या वृत्तीचीं फळें आपल्याच भागांत दिसत आहेत. २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरांत अविवाहित तरुणांनीं नवरदेवाच्या वेषांत, घोड्यांवर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लग्नास मुली मिळत नाहींत, ही त्यांची तक्रार. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडकपणें राबवा, ही मागणी. शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेंत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागें मुली अवघ्या ८०७ होत्या. ज्यांना जन्मापूर्वींच आपण ‘नको’ म्हटलें, त्यांनीं पुढें आपणांस ‘होय’ म्हणावें, ही अपेक्षा अजब होय!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतणीस जवळ बसवून तिचें म्हणणें ऐकून घेतलें. तिला शिक्षण पुरें करावयाचें आहे. लग्नाचा विचार त्यानंतर, आणि तोही मनास आल्यास. वहिनींस तें पटलें नाहीं; आम्हांसही पुरतें पटलें असें नाहीं. परंतु तिच्या नकारास या घरांत दादाच्या नकाराइतकाच मान मिळेल, एवढा शब्द आम्हीं दिला.

राहिलेला बोलपट त्या रात्रीं पाहिला. किशोरी आपला वर आपणच निवडते, हें या खेपेस आमच्या ध्यानांत आलें. आजोबांनीं कथा सांगतांना तेंही गाळलें होतें कीं काय, कोण जाणे.