सुट्टीच्या घरातली जागती रात्र

शहरी कुटुंबांची सुट्टी गेल्या काही वर्षांत बदलली आहे. लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग, पाचगणी किंवा थेट गोवा गाठायचे आणि हॉटेलच्या खोलीऐवजी अख्खा बंगला दोन रात्रींसाठी भाड्याने घ्यायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. मुलांना अंगण मिळते, आजी-आजोबांना जिने चढावे लागत नाहीत, चहा हवा तेव्हा करता येतो. मोबाइलवर फोटो पाहून पैसे आगाऊ भरले जातात. फोटोत पोहण्याचा तलाव दिसतो, मागचा डोंगर दिसतो. आवाज मात्र दिसत नाही. रात्री शेजारच्या बंगल्यात डीजे सुरू होतो किंवा वीज गेल्यावर खिडकीखाली जनरेटर धडधडू लागतो, तेव्हाच तो कळतो. तक्रार केली की केअरटेकरचे उत्तर ठरलेले असते : ‘एकच रात्र आहे साहेब, जरा सांभाळून घ्या.’

वैद्यकीय दृष्टीने खरी गोम या ‘एकच रात्र’मध्येच आहे. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सर्वांचाच. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण शोधण्याचा प्रयत्न केला. ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निरोगी तरुणांच्या एका लहान गटाला प्रयोगशाळेत झोपवण्यात आले. पहिल्या रात्री मेंदूच्या डाव्या गोलार्धाचा काही भाग उजव्याइतका गाढ झोपत नव्हता. अनोळखी, वेगळा आवाज आला की हा भाग जास्त जोराने प्रतिसाद देई आणि माणूस लवकर जागा होई. पुन्हा त्याच जागी झोपल्यावर हा फरक उरला नाही. थोडक्यात, परक्या घरात पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग पहाऱ्यावर असतो. जो आवाज स्वतःच्या घरी झोपेत विरून गेला असता, तोच तिथे दचकवून उठवतो. दोन रात्रींच्या सहलीतली निम्मी झोप अशा पहाऱ्यातच जाते.

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही ध्वनीचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचत राहतात. ते धोक्याचे वाटले तर अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब थोडा चढतो. यासाठी पूर्ण जाग येण्याची गरज नसते. सकाळी ‘झोप लागली होती’ असे सांगणाऱ्या माणसाच्या हृदयानेही रात्रभर आवाजाची नोंद घेतलेली असू शकते. सवयीने जाग येण्याचे प्रमाण कमी होते, पण हृदयाचा हा प्रतिसाद पूर्णपणे थांबत नाही.

आवाज किती मोठा, याइतकेच तो कसा आहे हेही महत्त्वाचे असते. समुद्राची गाज सलग आणि ओळखीची असते. मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मध्येच थांबून पुन्हा उसळणारे गाणे, आरडाओरडा, फटाका यांचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ते अधिक त्रास देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चांगल्या झोपेसाठी शयनगृहातील सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि अधूनमधून येणारे आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नयेत. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ४५ ऐवजी ७५ डेसिबल झाले, तर ऊर्जा हजारपट वाढते.

खिडक्या लावून घेतल्या तरी ठेका ऐकू येतो, कारण ढोल आणि बेसचे खालच्या पट्टीतले ध्वनी भिंती-काचांना फारसे जुमानत नाहीत. तलावाकाठी आणखी एक गोष्ट घडते. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते. त्यामुळे वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरवर पोहोचतो. पवना धरणासारख्या जलाशयाकाठी पलीकडच्या तंबूतले गाणे अलीकडे स्पष्ट ऐकू येते, त्यामागे हेही एक कारण आहे. ‘आमचा बंगला एका बाजूला आहे’ या आश्वासनावर म्हणूनच फार विसंबू नये.

या जागरणाची सर्वांत मोठी किंमत रविवारी रस्त्यावर मोजावी लागू शकते. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रियाक्षमता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही खालावते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. मद्याची तपासणी नाक्यावर होते, झोपेची होत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला तीन सेकंदांची डुलकी लागली, तर तेवढ्यात गाडी ८० मीटरहून अधिक अंतर कापते. रात्र खराब गेली असेल तर निघण्याआधी झोप घ्यावी, उशिरा निघावे किंवा झोप झालेल्या दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी द्यावी. चहा-कॉफीने तरतरी येते, पण झोपेची भरपाई होत नाही.

झोप यावी म्हणून घेतलेले मद्य रात्रीच्या उत्तरार्धात झोप तोडते. कुणाच्या तरी बॅगेतली झोपेची गोळी किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी यांचा असर सकाळी गाडी चालवतानाही राहू शकतो. वृद्धांना अशा गोळीने तोल जाण्याचा धोका असतो, आणि अनोळखी घरातल्या जिन्यावर तो अधिक. त्यापेक्षा फोमचे इअरप्लग बरे. बोटांनी वळून बारीक करावेत, कान वर आणि मागे ओढून आत घालावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांच्या हाती प्लग देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. मुले किंवा आजारी माणूस बरोबर असेल, तर एका मोठ्या माणसाने तरी कान मोकळे ठेवून झोपावे. पंख्याचा सलग आवाज किंवा आवाजापासून दूरची खोली यांचाही उपयोग होतो.

पण हे सारे उपाय सोसणाऱ्याने करायचे झाले. नियम काय सांगतो? ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. रात्री १० नंतर उघड्या हिरवळीवर स्पीकर लावता येत नाही. बंदिस्त सभागृहे आणि आणीबाणीचे प्रसंग यांचाच अपवाद आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. वाढदिवसाची पार्टी त्यात बसत नाही. निवासी भागात आवाज करणारी बांधकाम यंत्रेही रात्री बंद असावी लागतात. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला, तर डेसिबलचा आकडा हातात नसतानाही तक्रार करता येते. आधी केअरटेकर, मग मालक आणि तरीही आवाज थांबला नाही तर ११२ क्रमांक, हा क्रम योग्य. मोबाइलवरील ध्वनिमापक अॅप ढोबळ अंदाजापुरतेच धरावे.

एअरबीएनबी या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या यादीतील घरांत पार्ट्यांवर तात्पुरती बंदी घातली आणि जून २०२२ मध्ये ती कायम केली. पण आपल्याकडे अनेक बंगले ओळखीतून, एजंटामार्फत किंवा एका फोनवर ठरतात. तिथे पाणी, वीज, गॅस यांची चौकशी होते, तशीच आवाजाचीही व्हावी. शेजारी कार्यक्रमांसाठी हिरवळ भाड्याने देतात का, जवळ बांधकाम चालू आहे का, जनरेटर कुठे आहे, रात्री १० नंतर संगीत बंद करण्याची जबाबदारी कुणाची, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे. आणि हाच नियम भाड्याने घर घेणाऱ्याने स्वतःलाही लावावा.

कारण त्या बंगल्यांच्या भोवती एक गाव असते. पाहुणा रविवारी निघून जातो. गावातल्या रक्तदाबाच्या रुग्णाला, परीक्षेच्या मुलाला, बाळंतिणीला पुढच्या शनिवारी पुन्हा तेच ऐकावे लागते. पाहुण्यांची एकच रात्र असते. गावाच्या मात्र वर्षाला बावन्न शनिवारच्या रात्री होतात. पश्चिम युरोपात केवळ वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ चा अंदाज आहे. पर्यटनाच्या आवाजाचा असा हिशेब मांडायचा, तर तो या गावांपासूनच सुरू करावा लागेल. बंगल्याला परवानगी देताना आणि तिचे नूतनीकरण करताना हद्दीवरील आवाज मोजला गेला, रात्री दहाच्या नियमाची जबाबदारी भाडेकरूबरोबर मालकावरही टाकली गेली, तर पाहुण्याची झोप आणि गावाची झोप दोन्ही वाचतील.