कुंडीतली शेवंती रुसते तेव्हा

गणपती झाले, की शेवंतीची पत्रे सुरू होतात. यंदा आलेल्या पत्रांत एका भगिनीचे पत्र मनाला लागून राहिले. दोन वर्षे झाली, झाड हिरवेगार आहे, गुडघाभर वाढले आहे, पण फूल म्हणून नाही. सासूबाई म्हणतात, "वांझ आहे ते, उपटून टाक." झाडालासुद्धा हा शब्द लावायची आपल्याला केवढी घाई! उपटू नका हो. पत्रात शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे, की गॅलरीसमोरच रस्त्याचा दिवा आहे आणि रात्रभर लख्ख उजेड असतो. दुखणे तिथेच आहे.

शेवंतीला कळी धरायला मोठी, काळोखी रात्र लागते. दिवस लहान होऊ लागले, की तिला फुलायची वेळ कळते. झाडांचा हा स्वभाव गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. रात्रभर उजेड पडला, तर ती बिचारी उन्हाळाच आहे असे समजून नुसती पाने काढत बसते. मध्यरात्री थोडा वेळ प्रखर दिवा लागला, तरी रात्र मोडते. म्हणून कुंडी उचलून न्हाणीघरात ठेवण्याचा उपाय नको, तिथे रात्री कुणी ना कुणी दिवा लावतेच.

त्यापेक्षा दिवेलागणीच्या आधी कुंडी दिव्याच्या आडोशाला सरकवा. जागा नसेल, तर कठड्याच्या बाजूने जुने गडद कांबळे टांगा किंवा वरून मोठे खोके पालथे घाला, खालून वारा खेळेल असे. संध्याकाळी सहा ते सकाळी सात. दिवसा मात्र भरपूर ऊन हवे. रोज न चुकता केलेत, तर महिन्या-सव्वा महिन्यात कळ्या दिसतील आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरची फुले वाहता येतील. कळ्यांना रंग दिसला, की झाकणे थांबवा.

आता शेंडे खुडू नका. ते काम आषाढ-श्रावणातले. तेव्हा खुडले, की झाड डेरेदार होते, या दिवसांत खुडले तर कळ्याच हातात येतात.

पाणी बोट खुपसून पाहून घालावे. वरची माती कोरडी लागली तरच. शेवंतीची मुळे ओलीने चटकन कुजतात, म्हणून भोकावर खापरी ठेवलेली असावी आणि ताटलीत पाणी साचू देऊ नये. (खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडेही बचावतात!) चहाचा चोथा घालायचा, तर धुऊन घाला. साखर राहिली, की मुंग्या आल्याच, आणि मुंग्या मावा सांभाळतात. शेंड्यांवर काळा मावा दिसला, तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा.

दिवाळीत नर्सरीतून फुललेली ठेंगणी कुंडी आणून, फुले सुकली की टाकून देणाऱ्या पुष्कळजणी आहेत. पैसे का वाया घालवायचे? फुले संपल्यावर झाड चार बोटे ठेवून कापा. मुळाशी फुटवे येतात, त्यांना माळी काश्या म्हणतात. त्या मुळासकट सोडवून आठ-दहा इंची कुंडीत लावा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू. पुढल्या वर्षी झाड उंच झाले, तर जात बदलली असे समजू नका. नर्सरीत पुष्कळदा वाढ रोखायचे औषध मारलेले असते, त्याचा जोर ओसरतो इतकेच. काठीचा आधार द्या.

मोगऱ्याच्या छाटणीबद्दल ज्यांनी विचारले आहे, त्यांना थंडीत सविस्तर लिहीन. आत्ता कात्री लावू नका.