चाहत्यांची भेट आणि घरचा हिशेब

गेल्या पंधरवड्यात आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांची मुलगी अकरावीत शिकते. अभ्यासात चांगली आहे, घरकामालाही हात लावते. कोरियन गाण्यांचे तिला वेड आहे आणि त्याबद्दल आईची काही तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. मुलीने शिष्यवृत्तीच्या पैशांतून एकाच अल्बमच्या सहा प्रती मागवायचे ठरविले आहे. "एकच वस्तू सहा वेळा कोणी विकत घेते का?" असे आईने विचारले. मुलगी म्हणाली, "आई, अल्बमसाठी नाही गं, फॅनसाइनच्या सोडतीसाठी." भगिनी विचारतात, ही काय भानगड आहे? मुलीला रागवावे की समजून घ्यावे?

आम्ही म्हणतो, आधी समजून घ्यावे. रागवायचे की नाही, ते मग ठरविता येईल.

दक्षिण कोरियात गायक आणि चाहते यांच्या भेटीचे एक मोठे शास्त्रच तयार झाले आहे. १९९६ साली एच.ओ.टी. हा मुलांचा संच पुढे आला, तेव्हा त्याचे चाहते पांढरे फुगे घेऊन येत. पाठोपाठ आलेल्या सेक्सकीज या संचाचे चाहते पिवळे फुगे आणत. फुग्याच्या रंगावरून कोण कोणाचा चाहता ते कळे. २००६ च्या सुमारास बिगबँग या संचाने फुग्याच्या जागी हातात धरायचा खास दिवा आणला. आज प्रत्येक संचाची आपली वेगळी लाइटस्टिक असते. मोठ्या कार्यक्रमात हजारो लाइटस्टिकचे रंग एकाच ठिकाणाहून बदलता येतात. सगळे सभागृह एकदम निळे होते, एकदम जांभळे होते. यालाच कॉन्सर्ट म्हणतात. तिकीट काढायचे, गाणी ऐकायची, ठरलेल्या ओळीला ठरलेला गजर करायचा आणि घरी यायचे. बीटीएस या संचाने २०१९ च्या जूनमध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर दोन दिवस असा कार्यक्रम केला. पुढे कोरोनाच्या काळात, १४ जून २०२० रोजी, त्यांनी घरबसल्या पाहण्याचा कार्यक्रम केला, तेव्हा एकाच वेळी सुमारे ७ लाख ५६ हजार लोक तो पाहत होते.

दुसरा प्रकार दूरदर्शन वाहिन्यांवरील साप्ताहिक गाण्यांच्या कार्यक्रमांचा. 'म्युझिक बँक', 'इंकिगायो' अशी त्यांची नावे आहेत. त्यांच्या ध्वनिचित्रमुद्रणाला चाहत्यांना फुकट बसू देतात. मात्र फुकट म्हणजे सोपे नव्हे. चाहता मंडळाचे ओळखपत्र, विकत घेतलेला अल्बम, गाणे विकत घेतल्याचा पुरावा असे सारे दाखवावे लागते. मुद्रण कधी पहाटेच असते. त्यासाठी मुले-मुली थंडीत रात्रभर बाहेर ताटकळतात आणि आत गेल्यावर दोन-चार वेळा एकच गाणे पाहून परततात.

तिसरा प्रकार फॅन मीटिंग. यात गाणी थोडी आणि गप्पा, खेळ, प्रश्नोत्तरे जास्त. मालिकांतील नटनट्याही अशा बैठका घेतात. तिकीट असते, आणि मंडळाच्या सभासदांना ते बहुधा आधी मिळते. चौथा प्रकार मोठ्या मेळ्याचा. २०१२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे 'केकॉन' सुरू झाला. दिवसा दुकाने आणि नाच शिकण्याचे वर्ग, रात्री अनेक संचांची गाणी, अशी त्याची रीत आहे.

आता फॅनसाइनकडे येऊ. येथे कलावंत टेबलामागे ओळीने बसतात. चाहता एकेकापुढे जातो, अल्बमवर सही घेतो, चार शब्द बोलतो. मिनीटभर झाले की कर्मचारी पुढे सरकवितो. हाय-टच म्हणून याचाच एक धाकटा भाऊ आहे. त्यात रांगेने जाताना हाताला हात लावायचा, थांबायचे नाही. २०२० नंतर व्हिडिओ कॉलवरील फॅनसाइन आले. कलावंत सोलमध्ये आणि चाहती स्वतःच्या घरात, असे एक-दोन मिनिटांचे बोलणे होते. आमच्या भगिनीच्या मुलीचा डोळा यावरच आहे, कारण येथे विमानाचे भाडे लागत नाही.

पण आत जायचे कसे? ठराविक दुकानातून ठराविक दिवसांत अल्बम घ्यायचा. बहुतेक ठिकाणी एका प्रतीमागे सोडतीत एक चिठ्ठी, अशी रीत असते. जागा पन्नास, शंभर एवढ्याच. किती प्रती घेतल्या म्हणजे नाव निघते, हे दुकान सांगत नाही. चाहतेच आपसांत अंदाज बांधतात आणि त्याला 'कट' म्हणतात. मोठ्या संचाचा कट शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. एका अल्बमची किंमत साधारण पंधरा ते वीस हजार वॉन, म्हणजे आपल्याकडचे हजार-बाराशे रुपये, टपालखर्च निराळा. येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. कॉन्सर्टच्या तिकिटाची किंमत छापलेली असते. ती परवडली तर जावे, नाही तर घरी ऐकावे. सोडतीच्या भेटीला छापील किंमतच नाही. ज्याच्या घरी पैसा जास्त त्याच्या चिठ्ठ्या जास्त. आणि ज्याने सहा प्रती घेतल्या, त्याला हरल्यावर वाटते, सातवी घेतली असती तर? लॉटरीच्या दुकानापुढे उभ्या राहणाऱ्या माणसालाही नेमके हेच वाटत असते.

उरलेल्या प्रतींचे काय होते, तेही पाहावे. २०२४ च्या एप्रिल अखेरीस टोकियोच्या शिबुया भागात सेव्हन्टीन या संचाच्या नव्या अल्बमचे ढीगच्या ढीग रस्त्यावर टाकून दिलेले आढळले. ज्या गाण्यासाठी कलावंताने घाम गाळला, ते न ऐकताच कचऱ्यात. याविरुद्ध बोलणारेही चाहतेच आहेत. २०२१ साली 'केपॉप फॉर प्लॅनेट' ही चळवळ चाहत्यांनीच उभी केली आणि कंपन्यांकडे हा प्लास्टिकचा कचरा थांबविण्याची मागणी केली.

पैशाबरोबर मानाचाही प्रश्न आहे. २०२३ च्या जुलैत सोलमधील एका फॅनसाइनमध्ये चोरून चित्रण करणारी यंत्रे शोधण्याच्या नावाखाली महिला कर्मचाऱ्यांनी मुलींच्या अंगाला, अंतर्वस्त्रांनाही हात लावून झडती घेतली. बोभाटा झाला, मग कंपनीने माफी मागितली. एवढे पैसे मोजून आलेल्या मुलीने हे का सोसावे? तसे कलावंतानेही काही सोसू नये. बीटीएसचा जिन १२ जून २०२४ रोजी सैन्यातून सुटला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने एक हजार चाहत्यांना एकेक करून हलकेच मिठी मारली. सुमारे तीन तास तो उभा होता. त्यातही एका बाईने मर्यादा ओलांडून त्याच्या गालाचे चुंबन घेतले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. याच कार्यक्रमासाठी कंपनीने आधी नव्याने अल्बम घेण्याची अट घातली होती. चाहत्यांनी एकमुखाने विरोध केला, तेव्हा कंपनीला माफी मागून अट सैल करावी लागली. चाहते एक झाले तर त्यांचे ऐकावे लागते, हे यावरून दिसते.

चाहत्यांनी स्वतः चालविलेल्या प्रथाही आहेत आणि आम्हास त्याच अधिक आवडल्या. लाडक्या गायकाच्या वाढदिवसाला चाहते एखादे कॉफीचे दुकान ठरवितात, भिंतींवर चित्रे लावतात, येणाऱ्याला त्याचे चित्र छापलेला कागद गुंडाळलेला पेला मिळतो. गायक तेथे बहुधा येत नाही. पण ओळख ना पाळख अशा मुली शेजारी बसून मैत्रिणी होतात, आणि खर्च एका कॉफीचा. कार्यक्रमाच्या दारात फुलांची चक्रे ठेवण्याऐवजी तांदळाच्या गोण्या पाठविण्याची रीतही तेथे रूढ झाली आहे. कार्यक्रम संपला की तो तांदूळ कलावंताच्या नावाने गरजूंच्या घरी जातो.

तेव्हा भगिनींना आमचे सांगणे असे. मुलीचे वेड हे वाईट वळण नाही. तिला भाषा ऐकू येते, नाच येतो, दूरच्या देशाची माहिती होते. तिला हसू नका. पण वही घेऊन तिच्याशेजारी बसा. सहा प्रतींचे पैसे एका बाजूला लिहा. त्याच पैशांत वर्षभराची कोणती पुस्तके येतात, ते दुसऱ्या बाजूला लिहा. नाव निघण्याची खात्री किती, असे तिलाच विचारा आणि उत्तर तिलाच लिहू द्या. एक प्रत घ्यायची असेल तर घ्यावी, ऐकण्यासाठी घ्यावी. शिष्यवृत्ती मात्र सोडतीत घालू नये. ती तिच्या शिक्षणासाठी आली आहे आणि ती मिळविण्यात तिच्या आईवडिलांचेही कष्ट आहेत.

आणि पुढच्या वाढदिवसाला चार मैत्रिणींना घरी बोलावून गाणी लावा. चहा तुम्ही करा, नाच त्यांना करू द्या. कसे झाले, ते आम्हास जरूर कळवा.