‘डिसिल्वा’ म्हणजे परका? आडनावावरून वंश ठरवणाऱ्यांना उत्तर

१/ वसई किंवा गोव्यातील कोणाचे आडनाव ‘डिसिल्वा’ दिसले की ‘हे पोर्तुगीजांचे वंशज’ असा निर्वाळा समाजमाध्यमांवर सर्रास दिला जातो. हा निर्वाळा इतिहासाला धरून नाही. तो कोठे चुकतो, हे समजण्यासाठी हुपरीचे उदाहरण पुरेसे आहे.

२/ कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध. तेथील कुटुंब परगावी स्थिरावले की लोक त्याला ‘हुपरीकर’ म्हणू लागतात. खुद्द हुपरीत या नावाचा उपयोग नाही. तेथे सारेच हुपरीकर! ग्रामनामावरून पडलेले आडनाव बहुधा इतरांनी दिलेले असते.

३/ ‘सिल्वा’ मुळात असेच. लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे रान. या नावाची ठिकाणे पोर्तुगाल व स्पेनमध्ये आहेत. ‘दा सिल्वा’ म्हणजे सिल्वाचा. मराठी वळणाने ‘सिल्वाकर’.

४/ मात्र हिंदुस्थानात हे नाव स्थलांतरापेक्षा बाप्तिस्म्याने अधिक पसरले. गोवा १५१० पासून १९६१ पर्यंत, तर वसई १५३४ पासून चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयापर्यंत पोर्तुगीजांकडे होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना धर्मपित्याचे, पाद्र्याचे वा एखाद्या अधिकाऱ्याचे आडनाव मिळे. सख्ख्या भावांची आडनावेही कधी वेगळी होत. नोंदवहीतले नाव बदलले; घर, शेत आणि बोली तीच राहिली.

५/ श्रीलंकेत तर ‘डिसिल्वा’ हे आडनाव सिंहली बौद्धही लावतात. १९९६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शतक झळकावणारा अरविंद डिसिल्वा सर्वांना ठाऊक आहे. त्याला कोणी पोर्तुगीज म्हणत नाही. ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांवरही ‘सिल्वा’ हे नाव लादले गेले. त्यांच्या वंशजांचा वंश आडनावावरून ठरवणार काय?

६/ हाच निकष घरच्या आडनावांना लावून पाहावा. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांतील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. हुपरीच्या चांदीचे मोल जाणणारा ‘सराफ’ हा शब्द अरबी. म्हणून चिटणीस इराणी आणि सराफ अरब ठरत नाहीत. मग डिसिल्वांनाच वेगळा न्याय का?

७/ काही घराण्यांत पोर्तुगीज पूर्वज असतीलही. पण ते सिद्ध करायला वंशावळ आणि कागदपत्रे लागतात. केवळ आडनाव पुरत नाही.

८/ हा वाद निरुपद्रवी नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर मराठीत लिहीत राहिले. तरीही ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड होताच धर्मावरून विरोध झाला. आडनावावरून परकेपणा चिकटवण्याची सवय अशाच विरोधाला बळ देते.

९/ तेव्हा यापुढे कोणी आडनाव वाचून वंशाचा निवाडा करू लागला, तर त्याला एवढेच विचारावे : हे नाव नोंदवहीत कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि तेव्हा राज्य कोणाचे होते?