श्वासाचे मोजमाप

अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्ण आला की श्वसनोपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम येते ती शिंप्याकडे असते तशी साधी मोजपट्टी. टाचेपासून डोक्यापर्यंत रुग्णाची उंची मोजायची. वजनकाट्याचा येथे उपयोग नाही, कारण माणूस स्थूल झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. ती उंचीच्या प्रमाणात असतात. १५० सेंटिमीटर उंचीची स्त्री प्रत्यक्षात ७० किलोची असली तरी तिचे सूत्राने येणारे वजन सुमारे ४३ किलो. फुप्फुसांना गंभीर सूज असेल, तर किलोमागे ६ मिलिलिटर या हिशेबाने तिला एका श्वासात साधारण २६० मिलिलिटर हवा द्यायची. पाण्याचा एक पेला भरेल, एवढीच. पूर्वी याच्या दुप्पट हवा देण्याची पद्धत होती. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हवेचे माप निम्मे केल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. औषध नवे नव्हते, यंत्रही नवे नव्हते; बदलले ते केवळ माप.

हे माप सांभाळणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते श्वसनोपचारतज्ज्ञ. आपल्याकडे या व्यवसायाचे नावही अनेक घरांत पोहोचलेले नाही. वाशीच्या बाजार समितीत गाळा असलेल्या कुटुंबातील मुलगी बारावी विज्ञान झाली, वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला, की पुढची चर्चा ठरलेली असते: आणखी एक वर्ष परीक्षा द्यावी, नाहीतर वाणिज्य शाखेकडे वळावे. ज्या मसाला बाजारात मिरचीच्या खकाण्याने हमालांपासून शेटजींपर्यंत सगळे खोकतात, त्या बाजारातल्या घरांनाही श्वासाशी संबंधित स्वतंत्र विद्याशाखा आहे हे ठाऊक नसावे, हे जरा नवलाचेच.

या विद्येची गरज जगाला कळली ती एका संकटात. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास लुळा पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. रुग्ण ज्यात झोपवायचा ते लोखंडी फुप्फुस तेथे एकच होते. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवीने तिला हाताने श्वास दिला आणि ती वाचली. पुढे काही महिने सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून अशा पिशव्या दाबत राहिले. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच त्या साथीतून आकाराला आली. यंत्रे नंतर आली. आधी आले ते शिकाऊ हात.

आपल्याकडे २०२० साली क्रम उलटा झाला. वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र करोना रुग्णालय बनले आणि केंद्राने पीएम केअर्स निधीतून ५०,००० व्हेंटिलेटर घेण्याचे ठरवले. यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलीही. पण ती चालवणारी प्रशिक्षित माणसे अनेक ठिकाणी पुरी पडली नाहीत. कौतुक यंत्राचे झाले, माणसाची उणीव मात्र फारशी चर्चेत आली नाही.

अमेरिकेत हे शिक्षण कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांच्या पदवीने घेता येते. त्यानंतर राष्ट्रीय मंडळाची परीक्षा द्यावी लागते. घराजवळचे महाविद्यालय, माफक शुल्क आणि शेजारच्याच रुग्णालयात प्रत्यक्ष काम, अशी तेथील सोय. भारतात साधारणतः बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन पदवी आणि त्यातच एक वर्षाची इंटर्नशिप असा मार्ग आहे. नवी मुंबईत कामोठे येथील एमजीएम संस्थेत शस्त्रक्रियागृह, परफ्यूजन, डायलिसिस अशा तंत्रांचे पदवीशिक्षण मिळते. परंतु श्वसनोपचार म्हटले की मणिपाल किंवा वेल्लोर यांची नावे आधी निघतात. म्हणजे मुलीला घरापासून दूर ठेवणे आले, वसतिगृह आले, जेवणाचे नियम सांभाळणे आले. पालकांचा संकोच खोटा नाही. तरीही त्या संकोचापोटी जवळच्या एखाद्या ‘सहा महिन्यांत व्हेंटिलेटर तंत्रज्ञ’ अशा जाहिरातीला भुलणे अधिक महाग पडते. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली कायदा केला असून त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञाचा उल्लेख आहे. त्या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाचे पदवीशिक्षण किमान ३,६०० तासांचे हवे. प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तास, मान्यता आणि संलग्न रुग्णालयातील खाटा, या तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. व्यापारी घराला हिशेब विचारण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही.

शिक्षण सोपे नाही. मनगटाच्या धमनीतून रक्त काढण्यापूर्वी दुसरी धमनी हाताला पुरेसे रक्त पुरवते की नाही हे तपासायचे. नळीतील कफ ओढून काढताना पंधरा सेकंदांपेक्षा अधिक वेळ लावायचा नाही. काही शिक्षक सांगतात की त्या वेळी स्वतःचाही श्वास रोखून धरावा, म्हणजे रुग्णाची घुसमट किती झाली हे घड्याळाविना कळते. फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत प्राणवायूची पातळी मुद्दाम ८८ ते ९२ टक्के ठेवायची, कारण जास्त प्राणवायूही तेथे अपाय करतो. आकडा १०० दिसला की समाधान पावणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगणे हाही अभ्यासाचाच भाग. रात्रपाळी आहे. मृत्यू जवळून पाहणे आहे. अनेक रुग्णालयांत हे पदच नाही आणि तेच काम परिचारिका व निवासी डॉक्टर करतात. त्यामुळे प्रारंभीचे वेतन अपेक्षेपेक्षा कमी असू शकते. हे सारे मुलांना प्रवेशाआधी सांगावे, नंतर नव्हे.

या विद्येचा उपयोग अतिदक्षता विभागापुरता नाही. घरातील आजोबा इनहेलर घेतात, पण तोंडात फवारा मारून लगेच बोलू लागतात. औषध जिभेवरच राहते. आधी पूर्ण उच्छ्वास, मग सावकाश आत ओढताना दाब, नंतर जमेल तर दहा सेकंद श्वास रोखणे, आणि स्टेरॉइडचे औषध असेल तर चूळ भरून टाकणे, एवढे शिकवायला कोणीतरी शेजारी बसावे लागते. सूर्यास्तानंतर तोंडात पाणीही न घेण्याचा नियम पाळणारे ज्येष्ठ या चुळीपायी रात्रीचा फवाराच टाळतात आणि डॉक्टरांना ते सांगत नाहीत. विचारले, तर दिवसातून दोनदा घ्यायच्या पुष्कळ औषधांची दुसरी वेळ डॉक्टर सूर्यास्तापूर्वीची ठरवून देऊ शकतात. प्रश्न विचारणारे माणूस मात्र समोर हवे.

व्हेंटिलेटरवरून रुग्णाला उतरवण्याच्या सकाळी विद्यार्थ्याची खरी परीक्षा असते. यंत्राचा आधार कमी करून अर्धा तास ते दोन तास रुग्णाला स्वतःचा श्वास घेऊ द्यायचा आणि शेजारी उभे राहून छातीची हालचाल, घाम, नाडी पाहत राहायचे. सगळे ठीक दिसले की डॉक्टरांच्या संमतीने नळी निघते. रुग्ण खोकतो. घसा इतका बसलेला असतो की पहिला शब्द बहुधा ऐकूच येत नाही. विद्यार्थी वाकून कान जवळ नेतो. बहुतेक जण पाणी मागतात, आणि ते लगेच देता येत नाही, हेही त्यालाच सांगावे लागते.